कामगारसंघ : त्याचे हित आणि त्याची हानी

(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षात, श्रमिक संत योसेफ यांच्या सणादिवशी, १ मे रोजी, कामगारांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या आनंदाच्या वर्षात आपण आपल्या देवळाचा इतिहास ऐकला, पूर्वीच्या धर्मगुरूंचे स्मरण केले, आणि ज्यांनी दिवसभर दुसऱ्याचे काम करून संध्याकाळी येथे येऊन दगड वाहिले त्यांच्यासाठी प्रार्थनाही केली. आजच्या व्याख्यानास जो विषय योजिला आहे तो कित्येकांस देवळाच्या आवारात थोडा परका वाटेल. कामगारसंघाने, म्हणजे आपण सर्वजण ज्याला युनियन म्हणतो त्याने, कामगाराचे हित होते की अहित, हा तो विषय होय. परंतु ज्यांनी हे देऊळ उभारले ते बहुतेक मजुरीवर जगणारे लोक होते, आणि आज या मांडवात बसलेल्यांपैकी पुष्कळांची भाकरी मजुरीचीच आहे. भाकरीचा प्रश्न ज्यांच्या घरी रोज उठतो त्यांच्या धर्मगुरूने तो प्रश्न देवळाबाहेर ठेवावा, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

या विषयावर आपल्यात एकमत नाही, हे आम्ही जाणतो. घरातील मुलाला नोकरी लागली की त्याच रात्री जेवताना वाद उठतो. एक बाप म्हणतो, “काम कर, पगार घे, घरी ये, युनियनच्या भानगडीत पडू नकोस. युनियनने आमची भाकरी घालविली.” भिंतीपलीकडचा शेजारी म्हणतो, “युनियन नसती तर तुझ्या बापाला आजारपणात औषध मिळाले नसते. युनियनने आम्हांला भाकरी दिली.” दोघेही वयस्क, दोघेही प्रामाणिक, आणि दोघेही स्वतः सोसलेले बोलतात. मग तरुणाने कोणाचे ऐकावे? एकाला खोटे ठरवून दुसऱ्याला खरे ठरविणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही.

आमचे म्हणणे आरंभीच थोडक्यात सांगतो. युनियन ही चांगली वस्तू आहे. किंबहुना कष्टकऱ्याचा तो हक्क आहे. परंतु ज्या गुणामुळे ती हित करते त्याच गुणामुळे ती हानीही करू शकते. तो गुण म्हणजे पुष्कळांनी आपले बळ एका ठिकाणी ठेवणे. पुष्कळांचे बळ एकत्र झाले म्हणजे दुबळ्यास बोलता येते. आणि तेच बळ एका हाती सोपवून बाकीचे सर्व घरी निजले, म्हणजे त्या बळाने त्यांचेच घर पडू शकते. ते बळ राखणारे सभासद जागे आहेत की निजलेले, यावर सर्व काही अवलंबून आहे.

प्रथम हिताची बाजू पाहू.

मालक व मजूर यांचा करार हा दोन स्वतंत्र माणसांचा करार आहे, त्यात तिसऱ्याने हात घालू नये, असे गेल्या शतकांत मोठमोठे विद्वान सांगत असत. हे ऐकावयास ठीक वाटते. परंतु मालकाने एक महिना वाट पाहिली तर त्याचा नफा थोडा कमी होतो, आणि मजुराने एक महिना वाट पाहिली तर त्याच्या घरची चूल विझते. अशा दोघांपैकी एक “पटत असेल तर राहा, नाहीतर चालू लाग” असे म्हणतो आणि दुसरा मान हलवितो, त्या मान हलविण्यास संमती म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरूम नोवारुम’ हे परिपत्रक काढले, त्यात हाच विचार मांडला आहे. साध्या राहणीच्या कामगाराचा निर्वाह होणार नाही इतकी थोडी मजुरी त्याने केवळ गरजेपोटी मान्य केली तरी ती न्यायाची ठरत नाही, आणि कामगारांस आपले संघ स्थापण्याचा नैसर्गिक हक्क आहे, असा त्याचा आशय. म्हणून युनियन ही केवळ लाल बावट्याची वस्तू आहे, श्रद्धावंताने तिला शिवू नये, असे जे कोणी म्हणतात त्यांनी ते परिपत्रक एकदा वाचावे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. येथे पहिली सूतगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, कोकणातून व देशावरून माणसे आली, आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रांपुढे उभी राहू लागली. आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती. पगार कधी होईल याचा नेम नव्हता. यंत्रात हात सापडला तर तो मजुराच्या नशिबाचा दोष. अशा काळी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांस एकत्र केले. ते महात्मा जोतीराव फुले यांचे अनुयायी, स्वतः गिरणीत नोकरी केलेले, आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे नेला. मागणे काय होते? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत मजुरी. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीस सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. आणि १० जून १८९० पासून गिरण्यांस रविवारची सुट्टी लागू झाली.

बंधुभगिनींनो, रविवारी सकाळी स्वच्छ कपडे घालून, मुलांची बोटे धरून आपण मिस्साबलीस येतो. दिवस प्रभूचा आहे हे आपणांस धर्माने शिकविले. परंतु मुंबईच्या गिरणीतील मजुराला तो दिवस मोकळा मिळावा म्हणून ज्याने खटपट केली तो मनुष्य ख्रिस्ती नव्हता, हे कृतज्ञतेने आठवावे.

त्याच लोखंड्यांच्या कामातून एक दुसरा धडाही मिळतो. त्यांच्या संस्थेस सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता, लेखी नियम नव्हते. सर्व काही एका थोर मनुष्याच्या तळमळीवर उभे होते. १८९७ च्या प्लेगात ते वारले आणि त्यांच्यामागे ते काम त्याच जोमाने पुढे नेईल अशी घडी उरली नाही. माणूस कितीही थोर असो, त्याच्या एकट्याच्या खांद्यावर ठेवलेले छप्पर त्याच्याबरोबरच खाली येते. हे पुढेही पुन्हा दिसणार आहे, म्हणून येथे लक्षात ठेवावे.

पुढील काळात युनियनला यादी, फंड आणि नियम मिळाले. १९१८ मध्ये मद्रासेस बी. पी. वाडिया यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संघ निघाला, तेव्हा तेथील गिरणीवाल्यांनी संघाच्या पुढाऱ्यांस हायकोर्टात खेचले. कामगारांस काम सोडावयास सांगणे हा करारभंगास चिथावणी देण्याचा अपराध ठरू शकतो, असे दिसून आले. १९२० मध्ये मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस भरली, आणि १९२६ च्या कायद्याने नोंदलेल्या युनियनला संरक्षण मिळाले. कामाचे तासही कायद्याने उतरत गेले. प्रौढ कामगारासाठी १९२२ मध्ये दिवसाचे ११ आणि आठवड्याचे ६० तास ही मर्यादा ठरली. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी १० आणि ५४. आणि १९४८ मध्ये ९ आणि ४८. त्याच वर्षी कामगार विम्याचा कायदा झाला, १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा, १९६५ मध्ये बोनसचा. हे सर्व केवळ युनियनने मिळविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा, कायदेमंडळांतील सज्जनांचा आणि काही समंजस मालकांचाही त्यात वाटा आहे. परंतु कामगार गप्प बसले असते तर या सज्जनांस कामगारांचे दुःख कोणी सांगितले असते?

आणखी एक हित असे आहे की ते पगारपत्रकात दिसत नाही. गिरणीत मजूर भरती करणारा जॉबर असे. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, आणि दस्तुरी खाणारा तोच. नोकरी टिकवावी तर त्याला खूष ठेवावे लागे. आणि खात्यात बाया असल्या म्हणजे त्या खूष ठेवण्याचा अर्थ किती हीन होऊ शकतो हे आम्ही या ठिकाणी बोलत नाही. युनियन आल्यावर जॉबरची ती मिजास हळूहळू मोडली. ज्या दिवशी एका साध्या मजुराने “मला का काढले ते लेखी सांगा” असे म्हटले, त्या दिवशी त्याचा पगार एक पैशानेही वाढला नसेल. पण त्याची मान ताठ झाली. देवाने मनुष्यास आपल्या प्रतिरूपात निर्मिले अशी आपली श्रद्धा आहे. त्या मनुष्याने पोटासाठी कोणापुढे लोटांगण घालू नये, हेही युनियनचे एक देणे आहे.

कोणी म्हणेल, “गिरणीला एक दरवाजा होता, एक मालक होता, आम्हांस तर रोज निराळा मालक.” त्यांनी माथाडींकडे पाहावे. बाजारात आणि गोदामात डोक्यापाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांस कोणीच आपला नोकर म्हणत नसे. आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्या व्यापाऱ्याची. पाठ मोडली तर घरी बसा. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची योजना साधी पण मोठ्या अकलेची आहे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरावी, तिच्याबरोबर ठराविक रक्कम अधिक भरावी, आणि मंडळाने हमालास मजुरी द्यावी व त्या अधिक रकमेतून निधी, रजा, दवापाणी यांची तजवीज करावी. ज्याला धनी नव्हता त्याला अशा रीतीने हक्क मिळाले. संघटनेवाचून हे घडले नसते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. औषधाचे गुण सांगून त्याचे अपाय लपविणारा वैद्य खरा वैद्य नव्हे.

पहिला दोष फाटाफुटीचा. १९२६ च्या कायद्यात कोणत्याही सात माणसांस युनियन नोंदविता येत असे. दुबळ्याची सोय व्हावी हा हेतू. पण परिणाम असा झाला की एकाच फाटकाशी चार झेंडे लागले. देशपातळीवर पाहा : १९२० मध्ये एक काँग्रेस निघाली, मग १९४७ मध्ये इंटक, १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा, १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ, १९७० मध्ये सिटू. प्रत्येकीमागे एकेक राजकीय मत. कामगाराची मजुरी एकच, भूक एकच, आणि त्याच्या नावाने भांडणारे अनेक. मालकास याहून सोयीचे काय असणार?

दुसरा दोष आपपरभावाचा. जो कायम आहे त्याच्यासाठी युनियन झगडते, आणि जो बदली आहे, कंत्राटी आहे, तो फाटकाबाहेर उभा राहतो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी स्त्रिया पुष्कळ होत्या, विशेषतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. नवी यंत्रे आली, रात्रपाळीस स्त्रियांना बंदी झाली, आणि त्या वर्षानुवर्षे कमी होत गेल्या. पुरुषांच्या नोकरीसाठी युनियनने जितका जोर लावला तितका त्यांच्यासाठी लावला नाही. जो संघ आपल्यापेक्षा दुबळ्याला विसरतो तो उद्या आपणही दुबळे होऊ शकतो हे विसरतो.

तिसरा दोष आळसाला पांघरूण घालण्याचा. चांगल्या कामगाराचे रक्षण करावयास निघालेली युनियन कधी कधी कामचुकाराचीच ढाल होते. त्याने न केलेले काम मालक करीत नाही. ते त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या प्रामाणिक माणसाच्या अंगावर पडते.

आणि चौथा दोष, जो आपल्या कित्येक घरांनी भोगला आहे, तो संपाचा. १९८२ च्या गिरणी संपाविषयी आम्ही जपून बोलतो, कारण त्याच्या जखमा घेऊन बसलेली माणसे समोर आहेत. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणीधंद्यात एकाच मान्यताप्राप्त युनियनला वाटाघाटीचा अधिकार होता. कामगारांचा तिच्यावरील विश्वास उडाला होता. पण आपला प्रतिनिधी गुप्त मतदानाने बदलण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला. कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले, कारण दुसऱ्या कारखान्यांत त्यांनी भरघोस वाढ मिळवून दिली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे ६० गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांनी काम थांबविले. त्यांची मागणी अन्यायाची होती असे आम्ही म्हणत नाही. वर्षानुवर्षे यंत्रापुढे राबलेल्या माणसाचा पगार दुसऱ्या कारखान्यातील कामगाराच्या पगारापुढे थिटा होता, हे खरे होते.

परंतु संप वर्षाहून अधिक चालला आणि त्याचा तडजोडीने शेवट झालाच नाही. तो रीतसर मागे घेतल्याची तारीख कोणाला सांगता येत नाही. पुष्कळ गिरण्यांत जुनी यंत्रे होती आणि साठलेला माल होता; मालकास घाई नव्हती. कापड भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागांवर विणून मिळत होते. मान्यता नसलेल्या पुढाऱ्याशी सरकार बोलावयास तयार नव्हते. १९८३ मध्ये १३ गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, पण हजारो कामगारांस पुन्हा कामावर घेतले गेले नाही. बायकांनी खानावळी चालविल्या, भाजीच्या टोपल्या उचलल्या, दागिने मोडले. कित्येक कुटुंबे गावी परतली ती परतलीच. एवढे होऊनही १९८४ मध्ये कामगारांनी डॉ. सामंतांस लोकसभेवर निवडून दिले, यावरून त्यांची निष्ठा केवढी होती ते कळते. १९९७ च्या जानेवारीत डॉ. सामंतांचा खून झाला. गिरण्यांच्या जागी आज मनोरे उभे आहेत.

दोष कोणाचा? मालकांचा होता, सरकारचा होता, कायद्याचा होता, आणि नेतृत्वाचाही होता. एका युनियनजवळ कायदा होता पण कामगारांचे मन नव्हते. दुसरीजवळ मन होते पण तडजोडीची वाट नव्हती. आणि अडीच लाख माणसांच्या हाती, कुठे थांबावे हे ठरविण्याचे साधनच नव्हते. संप सुरू होण्यापूर्वी अवघे चार महिने, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रमाविषयी ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ हे परिपत्रक काढले होते. ते स्वतः तरुणपणी दगडांच्या खाणीत व रसायनांच्या कारखान्यात राबलेले. संप हा योग्य मर्यादेत कामगाराचा हक्क आहे, परंतु तो शेवटचा उपाय आहे आणि त्याचा दुरुपयोग होता कामा नये, असे त्यात सांगितले आहे. शेवटचा उपाय जो असतो तो योजण्यापूर्वी, तो फसला तर पुढे काय, हे विचारावयाचेच असते.

संप नेहमीच बुडवितो असे मात्र नाही. १८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदीतील मजुरांनी संप केला. त्यांत आयर्लंडकडील पुष्कळ कॅथलिक होते. मागणी स्पष्ट होती : तासाला सहा पेन्स. उपासमारीची वेळ आली तेव्हा दूर ऑस्ट्रेलियातील लोकांनी सुमारे ३०,००० पौंड पाठविले. आणि ८१ वर्षांचे कार्डिनल मॅनिंग दोन्ही पक्षांकडे खेपा घालून मध्यस्थी करीत राहिले. पाच आठवड्यांत संप मिटला. मजुरांस सहा पेन्स मिळाले. मागणी मोजकी, पोटास आधार आणि दोहोंकडे ऐकला जाईल असा मध्यस्थ, या तीन गोष्टी तेथे होत्या. १८८९ च्या गोदीतील मजूर १९८२ च्या आपल्या माणसांहून अधिक धीराचे नव्हते. आपल्या माणसांनी तर त्यांच्याहून कितीतरी दीर्घ काळ सोसले. उणीव धीराची नव्हती.

मग ती कशाची होती? आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांचे नाव सांगत नाही. ते मागावर होते आणि संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतले नाही. एकदा भेटीस गेलो असता त्यांनी पत्र्याचा डबा उघडून दाखविला. आत गिरणीचा बिल्ला होता आणि युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, वर्षवार लावून, दोऱ्याने बांधलेल्या. आम्ही म्हटले, “काका, एकही चुकलेली दिसत नाही.” ते म्हणाले, “पावती एकसुद्धा चुकली नाही, फादर. पण आतल्या सभेला मी कधी गेलो नाही. मोर्च्याला गेलो, हात वर करायला गेलो. हिशेब काय, ठराव काय, कधी विचारलं नाही. वाटायचं, मोठी माणसं बघतील.” त्या एका वाक्यात आमच्या या लांब व्याख्यानाचे सार आले आहे. वर्गणी देऊन आपले कर्तव्य संपले असे जेव्हा हजारो प्रामाणिक माणसे समजतात, तेव्हा ती युनियन त्यांची राहत नाही. ती चांगल्या पुढाऱ्याच्या हाती पडली तर नशीब, वाईटाच्या हाती पडली तर दुर्दैव; दोन्ही वेळा कामगार केवळ प्रेक्षक.

आता आजच्या तरुणांसाठी दोन शब्द. तुमचा काळ निराळा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या हाती कंत्राटाचा कागद आहे, कित्येकांच्या हाती तोही नाही. कोणी दुचाकीवरून घरोघर जिन्नस पोहोचवितो. त्याचा मालक कोण, याचे उत्तर त्याला फोनच्या पडद्यावर मिळत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची प्रथमच व्याख्या झाली; पण व्याख्येने पोट भरत नाही, आणि माथाडींचा इतिहास सांगतो की कायद्याच्या कागदात जीव ओततात ते संघटित कामगार. त्याच वर्षीच्या औद्योगिक संबंध संहितेत असे ठरविले आहे की अनेक युनियन असतील तेथे निदान ५१ टक्के कामगार जिचे सभासद असतील तिनेच वाटाघाटी कराव्यात, आणि संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस द्यावी. कोणी यास शिस्त म्हणतात, कोणी गळ्याभोवतीचा दोर. आम्हांस इतकेच दिसते की निम्म्याहून अधिक माणसे एकत्र आणल्यावाचून आता कोणत्याही एका युनियनला एकटीने वाटाघाटी करण्याचा अधिकार मिळणार नाही. तेव्हा फाटाफुटीची चैन आपणांस परवडणार नाही.

म्हणून, “फादर, युनियनमध्ये जाऊ का?” असे जो तरुण विचारतो त्यास आमचे उत्तर असे की, जा, पण नुसते नाव घालू नकोस. महिन्याच्या सभेला बस. हिशेब वाचून दाखवा म्हणून उभा राहा. त्यात कोणाचा अपमान नाही. संपाचा ठराव आला तर हात वर करून नव्हे, गुप्त मताने घ्या असा आग्रह धर. आणि मत देण्यापूर्वी तीन गोष्टी विचार : मागणी नेमकी कोणती, घरोघरच्या चुलीस आधार किती दिवसांचा, आणि तडजोड करावयास कोण जाणार व त्याचे समोरचा ऐकेल का. तुझ्या शेजारचा कंत्राटी कामगार सभेबाहेर उभा असेल तर त्याला आत घे. पुढाऱ्याचा मान राख, त्याची पूजा करू नकोस. आणि आपले काम असे चोख कर की मालकास तुझ्या मागणीवर बोट ठेवता येईल, तुझ्या कामावर नाही. ज्यांना मुलांच्या काळजीने हे नकोसे वाटते त्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी की त्यांनी मुलास १९८२ ची गोष्ट सांगावी, संपूर्ण सांगावी. पण ती सांगून त्याला घरी बसवू नये. चांगली माणसे घरी बसली म्हणजे युनियन बंद पडत नाही. ती उरलेल्यांच्या हाती जाते.

एक बोलणे उरले आहे, आणि ते सर्वांना रुचेल असे नाही. मालक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीवाला उभा राहतो. परंतु आपल्यातही मालक आहेत. कोणाची छोटी शेड आहे व तीत चार मुले कामास आहेत. कोणाच्या वाडीत मजूर येतात. कोणाच्या घरी भांडीधुण्यास बाई येते. त्या बाईला आठवड्याची सुट्टी आहे काय? ती आजारी पडली तर तिचे दिवस कापले जातात काय? शेतात राबलेल्याची दाबून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी पोहोचते, असा इशारा संत याकोबांनी आपल्या पत्रात दिला आहे, आणि तो इशारा मोठ्या मालकांपुरता नाही. लोखंडे यांनी १८८४ मध्ये जे मागितले, म्हणजे आठवड्याची सुट्टी, दुपारचा विसावा, वेळेवर पगार, दुखापतीत आधार, ते आज आपल्याच घरी कामास येणाऱ्यास मिळते की नाही, हे प्रत्येकाने आज रात्री स्वतःस विचारावे. मे २०२५ मध्ये नव्या पोप महाशयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेव्हा तेराव्या लिओंच्या त्या परिपत्रकाचे स्मरण हे त्याचे एक कारण म्हणून सांगितले. नाव पुढे चालविणे सोपे. आशय पुढे चालविण्याचे काम तुमच्याआमच्याकडे आहे.

संत योसेफांच्या हाती रंधा होता. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना श्रमिक म्हणून हा १ मेचा सण नेमून दिला, तो जगभरचा कामगार ज्या दिवशी आपल्या हक्काचा सण करतो तोच दिवस पाहून. त्या सुताराच्या घरी प्रभू वाढला आणि त्याच्याच हाताखाली शिकला. श्रमाचा मान आणि श्रमिकाचा न्याय या दोन्ही गोष्टी आपल्या धर्मग्रामात नांदोत, आपल्या संघांत समंजसपणा व दक्षता नांदो, आणि ज्या घरांनी या वाटेवर पुष्कळ गमावले त्यांच्या मुलाबाळांस देव भरभरून देवो, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.